भाड्याचं घर, पाळीव प्राणी आणि घरमालकाशी वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात कुत्रं किंवा मांजर घेऊन भाड्याने राहणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. यातले बहुतेक वाद करारात काय लिहिलंय आणि कुणाकडे काय पुरावा आहे, यावर येऊन थांबतात. म्हणून पुढचं वाचण्याआधी स्वतःचा करार काढून शेजारी ठेवा. त्यातली छोट्या अक्षरांतली कलमंसुद्धा वाचा.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही ना? मग घरमालक कसा काय ‘नाही’ म्हणतो?

सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. सोसायटी आणि घरमालक या दोन वेगळ्या बाजू आहेत. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सोसायट्या आणि रहिवासी संघांना उद्देशून आहेत. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, जात किंवा आकार बघून भेदभाव करता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निवासी संकुलांतली अशी बंदीची कलमं बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

घरमालकाची गोष्ट वेगळी. तो स्वतःच्या मालकीचं घर कोणत्या अटींवर द्यायचं हे ठरवतो आणि तुम्ही त्या अटींवर सही करता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं मंडळाचं पत्र घरमालकासमोर ठेवून काही साधत नाही, उलट तो चिडतो आणि बोलणी तुटतात. ते पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी जपून ठेवा. घरमालकाशी जे काही बोलायचं, ते कराराच्या आधारावर बोला.

करारात प्राण्यांबद्दल एक अक्षरही नाही. मग कुत्रा ठेवता येईल का?

येईल. कराराने जे मना केलेलं नाही, ते केलं म्हणून करारभंग होत नाही. तरीही तीन कलमं तपासा. एक, ‘शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वर्तन करणार नाही’ हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. दोन, ‘सोसायटीच्या सर्व नियमांचं पालन करीन’. तीन, मुदत संपण्याआधी करार रद्द करण्याचं कलम. त्यात बहुधा एक महिन्याची नोटीस असते आणि कारण देण्याची सक्ती नसते.

तिसरं कलम तुमच्यासाठी सगळ्यात घातक. घरमालकाला कुत्रा नको असेल, तर त्याला कुत्र्याचं नावही काढावं लागत नाही. लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच रद्द करता येत नाही ती ठरलेली मुदत) संपल्यावर तो महिन्याची नोटीस देतो किंवा अकरा महिन्यांनंतर नूतनीकरण करत नाही. करार गप्प असेल तर तुमचं संरक्षण लॉक-इनच्या मुदतीपुरतंच आहे, असं धरून चाला.

करारात ‘पाळीव प्राणी ठेवणार नाही’ असं आहे आणि मी सही केली आहे. आता?

मग कुत्रा घरात आणणं हा करारभंग आहे. इथे कायदा तुमच्या बाजूने वळवता येईल अशी आशा आम्ही दाखवणार नाही. प्राणी लपवू नका. घर दाखवायला आलेला एजंट, पाण्याची टाकी धुणारी माणसं, वॉचमन, कुणाच्या ना कुणाच्या नजरेला तो पडतोच. लपवलेलं उघड झालं की घरमालक कुत्र्याइतकाच फसवणुकीवरही रागावतो आणि तडजोडीची दारं बंद होतात.

आधी विचारा, लेखी विचारा आणि तुम्ही काय द्यायला तयार आहात तेही सांगा. मजकूर साधा असू दे:

‘काका, नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांची मांजर आहे. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस मार्चमध्ये दिली आहे. करारात प्राणी न ठेवण्याचं कलम आहे, म्हणून आधी विचारतो आहे. जास्तीचं डिपॉझिट आणि घर सोडताना सफाईचा खर्च देण्याची तयारी आहे. आपण एकदा येऊन मांजर बघून जावी. हो म्हणालात तर पुरवणी करार करून घेऊ, खर्च माझा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. घरमालक फोनवर ‘ठीक आहे, आणा’ म्हणाला म्हणून नोंदणीकृत करारातलं कलम रद्द होत नाही. जो करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, त्यातला नंतरचा तोंडी बदल न्यायालयात सिद्ध करू दिला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार तोंडी होकारापेक्षा बरा, कारण निदान तुम्ही लपवाछपवी केली नाही हे त्यातून दिसतं. पण पक्कं काम हवं असेल तर पुरवणी करार नोंदवून घ्या.

नवीन घर घेताना करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

एजंटचा मसुदा ठरलेला असतो आणि ‘प्राणी ठेवणार नाही’ हे कलम त्यात कुणी न सांगताही आलेलं असतं. ऑनलाइन नोंदणीत आधारचा अंगठा दिला की दस्त पक्का होतो, नंतर तो दुरुस्त करायला पुन्हा दस्त करावा लागतो. म्हणून मसुद्याची पीडीएफ अंगठ्याच्या निदान दोन दिवस आधी मागा. घरमालकाशी बोलून ते कलम काढून टाका आणि त्या जागी असं काही घाला (कराराच्या भाषेत लायसन्सर म्हणजे घरमालक आणि लायसन्सी म्हणजे तुम्ही):

‘लायसन्सी यांस सदर जागेत एक कुत्रा (जात: लॅब्रेडॉर, वय ५ वर्षे, महापालिका परवाना क्र. ___) ठेवण्यास लायसन्सर यांची संमती आहे. या प्राण्यामुळे जागेस सामान्य झीजेपलीकडे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, पावती दाखवून, अनामत रकमेतून वजा करता येईल. केवळ प्राणी ठेवला या कारणास्तव अनामत रक्कम जप्त करता येणार नाही अथवा करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणता येणार नाही.’

प्राण्याचं वर्णन लिहिलं की घरमालकालाही धीर येतो. एकाच्या संमतीवर उद्या तिघं येणार नाहीत, हे त्याला कागदावर दिसतं. ‘प्रत्यक्ष खर्च’ आणि ‘पावती’ हे शब्द सोडू नका. ठोकळ रकमा कापण्याची सवय मोडायला तेवढे दोन शब्द उपयोगी पडतात.

सोसायटीने पुढे हरकत घेतली तर काय, हेही एका ओळीत असावं: ‘सोसायटीने हरकत घेतल्यास लायसन्सर सभासद या नात्याने लेखी उत्तर देतील.’ असं का, ते खाली सोसायटीच्या प्रश्नात सांगितलं आहे.

करार नुसता नोटरी केलेला आहे, नोंदणी नाही. माझी बाजू कमजोर आहे का?

उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्या बाजूवर पडतं. म्हणजे ‘प्राणी चालतील असं ठरलं होतं’ या तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

याचा वापर धमकी म्हणून करू नका. पण तुमच्या वकिलाला ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा.

घरमालकाने फोन केला: ‘आठ दिवसांत कुत्रा हलवा, नाहीतर घर सोडा.’ काय करू?

त्या क्षणी हो किंवा नाही काहीच म्हणू नका. ‘तुमचं म्हणणं लेखी पाठवा, मी करार बघून उत्तर देतो’ एवढंच बोला. घाईत दिलेलं ‘बरं, बघतो’ हे उत्तर पुढे कबुली म्हणून वापरलं जातं.

त्याच दिवशी पुरावा गोळा करा. कराराची सूची दोनसह (दस्त नोंदवल्याचा उतारा) प्रत, भाड्याच्या बँक किंवा यूपीआय नोंदी, लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा परवाना, घराचे सध्याचे फोटो. प्राण्याबद्दल घरमालकाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ साधन तुमच्या हाती असेल तर ते काम सोपं जातं.

मग घरमालकाला नेमकं काय खुपतंय ते शोधा. ‘कुत्रा नको’ यामागे बहुतेक वेळा दुसरंच काही असतं: सेक्रेटरींचा दट्ट्या, खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार, नवीन मॉड्युलर किचनची काळजी किंवा घर विकायचं असल्याने रिकामं करून हवं असणं. पहिल्या तिन्हींवर तोडगा निघतो. चौथ्यावर निघत नाही, तिथे मुदत मागून घेण्यात शहाणपण आहे.

तीन-चार दिवसांत लेखी उत्तर पाठवा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. त्यात कराराचा नोंदणी क्रमांक आणि तारीख, संबंधित कलम (किंवा असं कलमच नसल्याचा उल्लेख), प्राण्याची कागदपत्रं आणि तुमचा प्रस्ताव एवढंच असावं. प्राणी आमच्या मुलासारखा आहे वगैरे लिहिण्याचा मोह होतो, आणि ती भावना खरीही असते. पण हे पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार आहे, त्याला तारखा हव्या असतात.

आणि भाडं थांबवू नका. वादाच्या रागात भाडं अडवलं, की प्राण्याचा प्रश्न बाजूला पडतो आणि तुम्ही थकबाकीदार ठरता. घरमालक पैसे घ्यायला नकार देत असेल तर त्याच्या नेहमीच्या खात्यात बँकेने पाठवा आणि तसं कळवा.

लायसन्स (करारातली राहण्याची परवानगी) मध्येच रद्द केलं तर लगेच बाहेर पडावं लागतं का?

नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६३ नुसार लायसन्स रद्द झालं तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. कलम ६४ तर त्याहून कामाचं आहे. मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स असेल आणि तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर भरपाई मागता येते. ‘चूक नसताना’ या शब्दांवर सगळं उभं आहे. करारात बंदी असूनही प्राणी आणला असेल तर हे कलम हाती लागत नाही. करारात बंदी नसेल किंवा लेखी संमती असेल तर नव्या घराची दलाली, टेम्पोचा खर्च, नव्या कराराचा खर्च, सगळ्याच्या पावत्या जपा.

पाणी-वीज तोडली, कुलूप बदललं तर?

घर रिकामं करून घ्यायचा हा मार्ग कायद्यात नाही. ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलीस बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणून एनसी नोंदवतात, तीही घ्या, पुढे तारीख सिद्ध करायला ती लागते. बदललेलं कुलूप, काढलेला फ्यूज, बंद केलेला व्हॉल्व्ह यांचे फोटो काढा. वीजबिल तुम्ही भरत असाल तर शेवटच्या भरण्याची पावती सोबत ठेवा, म्हणजे ‘बिल थकलं म्हणून गेली’ असं म्हणायला जागा राहत नाही. त्यानंतर वकिलामार्फत न्यायालयातून मनाई हुकूम मागावा.

घरात प्राणी एकटा अडकला असेल तर पोलिसांना ते पहिल्याच वाक्यात सांगा. प्राण्याला अन्नपाण्यावाचून कोंडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली वेगळा गुन्हा आहे, आणि ‘आत जीव अडकलाय’ म्हटल्यावर हालचाल लवकर होते.

मुदत संपली, पण मला प्राण्यासह दुसरं घर मिळेना. इथेच राहिलो तर?

राहू नका. मुदत संपल्यावर घरमालक भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. महिना २५ हजार असेल तर ५० हजार. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मुदत चुकली तर तुमचं ऐकून न घेताच आदेश होतो. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे प्राण्याची गोष्ट सांगून तिथे काही मिळत नाही. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून घर शोधायला लागा. प्राणी असलेल्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे गृहीत धरा.

‘कुत्रा होता’ म्हणून डिपॉझिट कापलं. किती कापणं रास्त?

समजा डिपॉझिट ८० हजार आहे आणि घरमालकाने हिशोब दिला: रंगकाम २२ हजार, बेडरूमचा दरवाजा बदलण्याचे १८ हजार, सफाई १२ हजार. ओळीने बघू.

एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापण्याचं कलम अनेक करारांत असतं. ते असेल तर ते जातं, पण मग भिंतीवरच्या ओरखड्यांसाठी वेगळी रक्कम मागता येत नाही. एकाच भिंतीचे पैसे दोनदा कशाला? दरवाज्याच्या खालच्या फूट-दीड फुटात नखांचे ओरखडे असतील तर सुतार ते घासून, लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश करून देतो. अख्खा दरवाजा बदलण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा लघवी मुरून खालची कड फुगलेली असते. फुगलेली असेल तर खर्च मान्य करा, मात्र दरवाजा किती वर्षं जुना होता ते विचारा. दहा वर्षं वापरलेल्या दरवाज्याची किंमत नव्याची होत नाही. सफाईची पावती मागा.

करारात ‘प्राणी आढळल्यास संपूर्ण अनामत जप्त’ असं कलम असलं तरी ते डोळे झाकून मान्य करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, न्यायालय वाजवी भरपाईच देतं. डिपॉझिट परत मिळवण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. आधी वकिलाची नोटीस पाठवा. बरेच हिशोब तिथेच मिटतात.

या सगळ्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: किल्ली घेतानाचा व्हिडिओ. प्रत्येक दरवाज्याची खालची कड, स्कर्टिंग, बाल्कनीचं दार, किचनच्या ट्रॉलीचे खालचे पल्ले, सोफा असेल तर त्याचे कोपरे. फिरून सलग शूट करा आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्या. घर सोडताना रिकाम्या घरात अगदी तसाच व्हिडिओ.

घराचं नुकसान मुळात होऊच नये म्हणून काय करावं?

लघवीचा डाग हा सगळ्यात महाग पडतो, आणि तो वाढतो चुकीच्या सफाईने. ताजी लघवी आधी जुन्या कापडाने दाबून टिपून घ्या, घासू नका. घासलं की ती फरशांच्या फटींतल्या ग्राउटमध्ये उतरते. मग साधं पाणी आणि त्यावर एन्झाइमचं क्लीनर. ते बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या. लगेच पुसलं तर काम करत नाही. अमोनिया असलेली क्लीनर टाळा, त्यांचा वास प्राण्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा त्याच कोपऱ्यात जातो. मांजर असेल तर काळं फिनाइल घरात आणूच नका, फिनॉल मांजरांच्या शरीराला पचवता येत नाही.

व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे मिळतो. साध्या सिरॅमिक टाइलवर तो चालतो. पण मार्बल, कोटा, शहाबादी या चुनखडीच्या फरशा आहेत, त्यांच्यावर आम्ल पडलं की चकाकी जाऊन कायमचा पांढरा डाग उठतो. मग कुत्र्याने न केलेलं नुकसान कुत्र्याच्या नावावर लागतं. लिंबाचंही तेच. लॅमिनेटच्या लाकडी फरशीत तर पाणीच शत्रू आहे, सांध्यांतून आत गेलं की कडा फुगतात.

दरवाज्यांच्या आतल्या बाजूला खालून दोन-अडीच फूट पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा. दुहेरी टेप लावताना तो पॉलिश उचलणार नाही ना, हे एका कोपऱ्यात आधी तपासा. नखं तीन-चार आठवड्यांनी कापा. बोक्याची नसबंदी पाच-सहा महिन्यांचा असतानाच करून घ्या. भिंतींवर लघवीचा फवारा मारण्याची सवय एकदा लागली की नसबंदीनंतरही ती कधी कधी सुटत नाही. मांजरासाठी बाल्कनीला जाळी लागतेच, पण खिळे-ड्रिल मारण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

घर सोडायच्या आठवडाभर आधी रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. सुकलेले डाग चमकतात. दिवसा नाकाला न येणारे वास पावसाळी दमट हवेत नव्या भाडेकरूला येतात, आणि डिपॉझिटचा वाद तिथून सुरू होतो.

शेजारी म्हणतात कुत्रा दिवसभर भुंकतो. आम्ही तर घरी नसतो.

मग तो खरंच भुंकत असण्याची शक्यता मोठी आहे. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. एकटेपणाने घाबरणारा कुत्रा बहुधा तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच भुंकू, रडू, दार खरवडू लागतो. खिडकीतून दिसणाऱ्या हालचालीवर भुंकणारा कुत्रा दिवसभर तुटक तुटक भुंकतो. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला थोड्या थोड्या वेळाने एकटं राहायची सवय लावावी लागते, दिवसाकाठी कुणीतरी येऊन फिरवून आणावं लागतं, गरज पडली तर पशुवैद्यकाचा सल्ला. दुसऱ्याला बहुतेक वेळा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर अपारदर्शक फिल्म लावली की फरक पडतो.

सात दिवसांची वही ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, कारण. तक्रार खरी असेल तर शेजाऱ्यांना स्वतःहून सांगा की काम सुरू आहे. खोटी असेल तर हीच वही उत्तर देते. रागाने बोलण्याआधी हेही लक्षात घ्या की करारातलं ‘उपद्रव’ कलम शेजाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच उभं राहतं. शेजारी सांभाळले की घरमालकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार जातं.

घरमालक तयार आहे, पण सोसायटी अडवते. ना-हरकत देत नाही, लिफ्ट वापरू देत नाही.

इथे घरमालकालाच पुढे करा. तुम्ही सोसायटीचे सभासद नाही, त्यामुळे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करताना तुमच्या नावाला वजन नसतं. घरमालकाच्या सहीचं पत्र असलं पाहिजे. त्यात सोसायटीने ठराव लेखी द्यावा अशी मागणी करा. बरेचसे ‘नियम’ नोटीस बोर्डावरच्या कागदापलीकडे कुठेच नसतात, मंजूर उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीत) तर नसतातच. मंडळाच्या २०१५ च्या सूचना याच पत्राला जोडा.

सूचनांमध्ये सोसायटीच्या हक्काच्याही गोष्टी आहेत, त्या पाळा. बागेत प्राणी नेण्याच्या वेळा ठरवता येतात. साखळी लावून नेणं, विष्ठा उचलणं हे तुमचं काम. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट घ्या, दोन मिनिटं जातात.

महापालिकेचा परवाना खरंच लागतो का?

हो. मुंबई आणि पुण्यात कुत्र्यासाठी परवाना लागतो, पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सुरू केली. रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि प्राण्याचा फोटो तयार ठेवा. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार कामी येतो. वादात पहिला प्रश्न ‘परवाना आहे का’ हाच येतो, आणि नसेल तर बाकीची बाजू कितीही भक्कम असली तरी पाय लटपटतात.

आम्ही पागडीच्या घरात आहोत. आम्हालाही हेच नियम?

नाही, तुमची बाजू बरीच भक्कम आहे. संरक्षित भाडेकरूला फक्त भाडे नियंत्रण कायद्यात दिलेल्या कारणांवरूनच काढता येतं. प्राणी पाळणं हे त्यांत कारण नाही. शेजाऱ्यांना उपद्रव हे मात्र कलम १६ मध्ये कारण आहे, आणि ते न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावं लागतं.

आमच्याकडे फक्त पोपट आहे. तोही करारात लिहायचा?

पिंजऱ्यातला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बेकायदा आहे, तारांकित कासवही. घरात वर्षानुवर्षं मिठू असला तरी कायदा बदलत नाही. असा पक्षी खिडकीतून सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर जगत नाही. वनविभागाशी संपर्क साधा. माशांच्या टाकीचा प्रश्न वेगळा: तिथे घरमालकाला वजन आणि गळतीची काळजी असते. १०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच १०० किलो, त्यावर काच आणि खडी. ती भिंतीलगत, भक्कम स्टँडवर ठेवली आहे एवढं दाखवलं तरी पुरतं.

खालच्या भटक्या कुत्र्यांना खायला घालते म्हणून घरमालक घर सोडायला सांगतो.

भटक्याला खायला घालणं म्हणजे घरात प्राणी पाळणं नव्हे, त्यामुळे प्राणीबंदीचं कलम इथे लागू होत नाही. पण जागा जपून निवडा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा प्रवेशद्वार, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकांना ठरावीक जागा नेमायला सांगून रस्त्यावर इतरत्र खाऊ घालायला मनाई केली. वॉर्ड ऑफिसला लेखी विचारून ठरलेली जागा वापरा. जिन्यात किंवा पार्किंगमध्ये वाटी ठेवलीत तर ‘उपद्रव’ कलम आयतंच मिळतं.

‘कुत्र्याला विष घालीन’ अशी धमकी दिली आहे.

हे हसण्यावारी नेऊ नका. प्राण्याला विष देणं, मारणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. धमकीचा मेसेज किंवा साक्षीदार असेल तर लगेच लेखी तक्रार द्या. दुर्दैवाने प्राणी गेलाच तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, त्याशिवाय विषाचं कारण सिद्ध होत नाही. देह दवाखान्याच्या शीतपेटीत ठेवा, घरी डीप फ्रीजमध्ये गोठवू नका, गोठल्याने ऊतींची तपासणी बिघडते.

वकील परवडत नाही.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या व्यक्तींनाही मिळते. दावा लावण्याआधी मध्यस्थीचा अर्जही तिथे करता येतो. प्राण्यांच्या वादात आम्ही हाच मार्ग आधी सुचवतो, कारण तुम्हाला त्याच घरात राहायचं असतं.

काहीच जमलं नाही, घर सोडावं लागतंय आणि नव्या घरी प्राणी चालत नाही. काय करू?

रस्त्यावर, महामार्गावर किंवा मंदिराबाहेर सोडू नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पाळीव प्राणी टाकून देणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, घरात वाढलेला कुत्रा गल्लीतल्या टोळीत टिकत नाही आणि वाहनांखाली येतो. मांजर तर आधीच्या घराच्या दिशेने चालू लागतं.

आधी तात्पुरता आसरा बघा: गावाकडचे नातेवाईक, त्याला ओळखणारं एखादं घर, महिन्याच्या दराने बोर्डिंग. बोर्डिंगला जाण्याआधी लसी पूर्ण करून घ्या, श्वानांच्या गर्दीत केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) झपाट्याने पसरतो. कायमचं घर शोधायचं असेल तर नव्या माणसाकडून लेखी दत्तकपत्र घ्या, त्याच्या घरी स्वतः जाऊन या, नसबंदी झाल्याशिवाय देऊ नका. प्राण्याबरोबर त्याचं लसीकरणाचं कार्ड, पंधरा दिवसांचं नेहमीचं खाणं आणि त्याची जुनी, न धुतलेली चादर द्या. ओळखीच्या वासावर तो पहिल्या काही रात्री झोपतो.